चाळीस जण उभे राहिले तर

ज्याअर्थी तेमीर सादाक याचा डावा हात मार्च महिन्यात तुरुंगाच्या लोखंडी दाराच्या फटीत धरण्यात आला व दार चार वेळा आपटण्यात आले;

ज्याअर्थी तेमीर हा नकाशे काढणारा माणूस असून त्याच्या शेवटच्या नकाशात अठ्ठावीस खड्डे दाखवलेले होते व त्या खड्ड्यांत माणसे पुरलेली होती;

ज्याअर्थी त्याचा उजवा हात अद्याप शाबूत आहे;

हा मसुदा माझा. ‘आपटण्यात आले’ हेही माझंच. ठरावाच्या भाषेत कोणी कोणाला मारत नाही, मारण्यात येतं.

मी नेझका. युरोपीय संसदेतले स्लोव्हेनियाचे खासदार बोश्त्यान क्रेमझार यांच्याकडे अकरा वर्षं सहायक आहे. खासदार होण्याआधी ते ल्युब्लियानात दातांचे डॉक्टर होते, म्हणून मी त्यांना अजून डॉक्टरच म्हणते. ब्याण्णव साली बोस्नियातून पळून आलेली माणसं त्यांच्या खुर्चीत बसायची आणि तोंड उघडायची. बंदुकीच्या दस्त्याने मारलेला दात हिरडीशी तुटतो, पकडीने ओढलेला मुळासकट येतो आणि सोबत हाडाचा कपचा आणतो. डॉक्टर हे पुस्तकातून शिकले नाहीत. एका माणसाने हिरडी शिवून झाल्यावर त्यांना सांगितलं की छावणीत ज्यांची नावं बाहेरच्या यादीत गेली त्यांना मारणं थांबलं, बाकीच्यांना नाही.

डॉक्टरांचं सगळं परराष्ट्र धोरण त्या एका वाक्यावर उभं आहे. नाव घ्या. देशाचं घ्या, तुरुंगाचं घ्या, माणसाचं तर घ्याच. ज्याचं नाव जगाला माहीत नाही त्याला मारायला काही लागत नाही. ओलीस धरणाऱ्याशी सौदा नाही. हे भाषण मी शंभर वेळा टाइप केलंय.

गुरुवार. स्ट्रासबर्ग. दाराबाहेर ब्रसेल्सला परत न्यायची आमची ट्रंक अजून अर्धी बांधलेली. साडेनऊला मेहलीन आली, तेमीरची बायको. तिने दार लावून घेतलं आणि फोन टेबलावर ठेवला. त्यावर एकच ओळ होती. तेमीरच्या देशाच्या वकिलातीने ठरावाचा मसुदा तुरुंगात पाठवला होता आणि तुरुंगाधिकाऱ्याने तो तेमीरला वाचून दाखवला होता. आज ठरावात तेमीरचं नाव मंजूर झालं, तर उद्या उजवा हात.

“कोणी कळवलं?” डॉक्टरांनी विचारलं.

मेहलीनने सांगितलं. त्याच बराकीवर पहारा देणारा एक जण. तिच्या मावशीचा मुलगा. हे तिने आम्हा दोघांनाच सांगितलं, आणि सांगताना आवाज इतका खाली गेला की मला ओठांकडे बघावं लागलं.

डॉक्टर खिडकीशी उभे राहिले. “तीनशे केसाळ अस्वलं,” ते म्हणाले. आमच्याकडे शिवी म्हणून एवढंच चालतं. तीस वर्षांचं भाषण त्यांच्या तोंडात अडकलं होतं.

“नाव काढा,” मेहलीन म्हणाली. “तुम्ही म्हणता ते सगळं खरं असेल, डॉक्टर. पण तो हात माझ्या घरातला आहे.”

*

वगळा: तेमीर सादाक. ऐवजी वाचा: एक कैदी.

इतकंच. पण मसुदा मंगळवारीच बंद झाला होता. आता एकच वाट होती. मतदानाच्या आधी सभागृहात उभं राहून तोंडी दुरुस्ती मांडायची. अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? चाळीस जण उभे राहिले तर दुरुस्ती मेली. एकोणचाळीस चालतात.

कारण सांगता येत नव्हतं. तिथला प्रत्येक शब्द चित्रित होतो, चोवीस भाषांत बोलला जातो. वकिलातीचा माणूस तर प्रेक्षकांच्या सज्ज्यातच बसलेला असतो. ‘आम्हाला आतून निरोप आला’ एवढं म्हटलं तरी त्या बराकीवरच्या सगळ्या पहारेकऱ्यांची नखं संध्याकाळपर्यंत निघाली असती.

डॉक्टर साडेअकरापर्यंत गटागटांत फिरले. विश्वास ठेवा, एवढंच म्हणत. एका जर्मन बाईंनी गोड हसून विचारलं, तिकडच्या नैसर्गिक वायूच्या कंपनीने जेवण कुठे दिलं, बाडेन-बाडेनला का? त्या राजवटीच्या बाजूनेच नेहमी मत देणाऱ्या एका हंगेरियन माणसाने न विचारताच पाठिंबा दिला, आणि ते जास्त लागलं.

आमादेउ सेर्केइरांना त्यांनी सांगितलंच नाही. आमादेउ उभे राहतील असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आमादेउ म्हणजे लिस्बनचे. बावीस वर्षांचे असताना तिथल्या हुकूमशाहीच्या गुप्त पोलिसांनी त्यांना सहा दिवस आणि सहा रात्री भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं होतं. पाय सुजून बूट कापावे लागले, खाली पडले की बरगडीत लाथ. आता गुडघे गेलेत. पण हक्काची गोष्ट आली की म्हणतात, “उभं राहायच्या स्पर्धेत मला कोण हरवणार, बाळांनो?” डॉक्टरांचे ते सोळा वर्षांचे मित्र. दोघांचे पक्ष वेगळे, बाकांच्या मध्ये फक्त जाण्यायेण्याची वाट. दर महिन्याला एकदा दोघं मिळून इथल्या अल्सास भागातला, कांदा आणि डुकराच्या मांसाचा पातळ पोळा खातात आणि बिलावरून भांडतात.

*

बारा वाजून सहा मिनिटं. डॉक्टर उठले आणि दुरुस्ती मांडली. दोनच वाक्यं. आवाज सपाट.

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी विचारलं, हरकत?

आणि माणसं उठायला लागली.

आम्ही सहायक मागच्या भिंतीशी उभे असतो, मी तिथून मोजत होते. ज्यांच्यावर डॉक्टरांनी माणसाचं नाव घ्यायचा संस्कार केला, तेच उठत होते. त्यांनी शिकवलेली मुलं. नऊ. सतरा. एका तरुण डच खासदाराचे डोळे भरून आले होते, गुरूने नांगी टाकली म्हणून. सव्वीस. तेहतीस. वर सज्ज्यात मेहलीनने कठडा धरला होता. अडतीस. एकोणचाळीस.

मग थांबलं. अध्यक्षांच्या शेजारचा अधिकारी बोटाने पुन्हा मोजत होता.

वाटेपलीकडे आमादेउंनी दोन्ही हात बाकावर टेकले आणि गुडघ्यांशी भांडत वर यायला लागले.

डॉक्टर दोन पावलांत तिथे पोचले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दाबलं.

“बस, आमादेउ.”

“काय म्हणालास?”

“खाली बस. मी सांगतोय.”

“मला बस म्हणतोस?” आमादेउ म्हणाले. रागाने नाही, थक्क होऊन. “बोश्त्यान, तुझे किती पैसे ठरले तेवढं सांग, मी वर्गणी काढून देतो.” आणि त्यांनी खांदा सोडवून घेतला. अर्धे उठले होते.

डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला.

आवाज ओला आला. आमादेउ बाकावर आदळले, तरी बाकाची कड धरून परत उठू लागले. म्हणून डॉक्टरांनी दुसरा मारला, पहिल्यापेक्षा नीट, नाकाच्या खाली, वरच्या दातांवर, जिथे मारलं की माणूस बसतोच. कुठे मारायचं हे त्यांना ठाऊक होतं. आमादेउंच्या तोंडातून रक्त मतदानाच्या यादीवर सांडलं. एक दात गालिच्यावर पडला. डॉक्टर त्या दाताकडे बघत राहिले. डच मुलगा मागून त्यांच्या पाठीवर तुटून पडला, त्याने त्यांचं डोकं बाकाच्या फळीवर दोनदा आपटलं, कान फाटला. कोणीतरी बुटाने पोटरीत मारलं. मानवी हक्कांच्या बाजूचे लोक. मग गळ्यात साखळ्या घातलेले काळ्या कोटातले हुजरे धावले आणि ढिगाऱ्यातून डॉक्टरांना ओढून काढलं.

अध्यक्षांनी बैठक दहा मिनिटं तहकूब केली. मोजणी पुरी झाली नव्हती.

*

दहा मिनिटं. डॉक्टरांनी दोन ठोशांत विकत घेतलेली. त्यांना बाजूच्या खोलीत नेताना त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता बोलायचं काम माझं.

सातशेंना सांगता येत नाही. उभे राहिलेल्यांतल्या पंधरा जणांना सांगितलं तरी पुरे. मी कॉफीच्या रांगेत एकेकाच्या कानाशी गेले. त्याचा दुसरा हात फोडतील, उद्या. कृपा करून बसून राहा. कोणाला सांगू नका. बहुतेकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. डच मुलाच्या मुठीला रक्त होतं, ते त्याने टिपायचं थांबवलं आणि मटकन खाली बसला.

आमादेउ दवाखान्यात होते. नर्सने नाकात कापूस घातला होता, वरचा ओठ दुप्पट झाला होता. मी सांगितलं. ते ऐकत राहिले.

“अफवा असेल,” ते बोबड्या आवाजात म्हणाले. “हेच करतात ते. धमकी पसरवतात, आपण घाबरून नाव गाळतो, आणि मग ते हवं ते करतात. माझ्या वेळी माझं नाव घेतलं एका फ्रेंच वर्तमानपत्राने. म्हणून मी आहे. तुला कोणी सांगितलं, पोरी?”

चार मिनिटं उरली होती. हा माणूस उभा राहिला की बाकीचे परत उभे राहणार, हे मला दिसत होतं.

“तिचा मावसभाऊ आहे तिथे,” मी म्हणाले. “पहाऱ्यावर.”

‘म्हणाले’ वगळा. ऐवजी वाचा: तो माणूस देऊन टाकला.

आमादेउंनी डोळे मिटले. मग माझा हात हातात घेऊन थोपटला. “तो मूर्ख,” ते म्हणाले. “मला सकाळीच सांगायचं ना.”

*

दुसऱ्यांदा बावीस जण उभे राहिले. आमादेउ बसून होते, मांडीवर रक्ताळलेला रुमाल. दुरुस्ती मान्य झाली. ‘एक कैदी’ मंजूर झाला, पाचशे बारा विरुद्ध एकेचाळीस. सज्ज्यात मेहलीनने कठड्यावर कपाळ टेकलं.

मी तिला खाली घेऊन आले. तिने दोन दिवसांत काही खाल्लं नव्हतं, मी तिला पोटिका या आमच्या गोड पावाचा तुकडा दिला, आईने पाठवलेला, अक्रोडाचा. ती खात होती आणि हसत होती, आणि सारखी स्वतःचाच उजवा हात दाबत होती.

मतदान झालं की सभागृह जेवायला पळतं. मागे उरतात ते मताचं स्पष्टीकरण देणारे. प्रत्येकी एक मिनिट, रिकाम्या बाकांसमोर, नोंदीसाठी. कोणी ऐकत नाही. आमच्यात असं मानतात की नोंदीत गेलं म्हणजे झालं.

कॉरिडॉरमधल्या पडद्यावर आमादेउ उभे होते.

ओठ सुजलेला, शर्टावर रक्त. ते म्हणत होते की आज माझ्या मित्राविषयी वाईट बोललं गेलं आणि मीही बोललो. ते नोंदीतून पुसलं जावं असं मला वाटतं. बोश्त्यान क्रेमझार विकले गेलेले नाहीत. त्यांच्याहून सभ्य माणूस मी पाहिलेला नाही.

मी धावले. जिना चढून उजवीकडे, मग लांबलचक वळणाची वाट. कानात दुभाष्याचा आवाज होता, शांत, स्वच्छ. माझ्या मित्राने मला मारलं, कारण त्याला बोलता येत नव्हतं. बोलला असता तर एका शूर पहारेकऱ्याचा जीव गेला असता, ज्याने आपल्या मावसबहिणीच्या नवऱ्यासाठी

दार ढकललं तेव्हा अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. आमादेउंनी मला पाहिलं आणि थांबले. चेहऱ्यावर आधी आनंद होता. मग तो कसा गेला ते मी पाहिलं. ते खाली बसले, कोणी न ढकलता.

*

नोंदीतून काढायची विनंती आम्ही केली. नियमाप्रमाणे काढली. पण चित्रण तोवर तिकडे पोचलं होतं.

डॉक्टरांना दहा बैठकींची बंदी झाली. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांनी ‘दात पाडणारा दंतवैद्य’ असं छापलं. आमादेउ त्यांच्या घरी दोनदा येऊन गेले, डॉक्टरांनी त्यांना नवा दात बसवायची वेळ दिली, असं मला डॉक्टरांच्या बायकोने सांगितलं.

तीन आठवड्यांनी मेहलीनचा फोन आला. मी स्पीकर लावला. डॉक्टर समोर बसले होते.

तेमीरच्या वकिलाकडून कळलेलं तिने एका दमात सांगितलं. त्यांनी तेमीरचा उजवा हात फोडला नाही. शब्द पाळला. पहारेकऱ्याला त्याच्या कोठडीत आणलं, दोघांनी त्याचे हात दगडी कट्ट्यावर दाबून धरले, आणि हातोडा तेमीरच्या उजव्या हातात दिला. नाही म्हणाला तर पहारेकऱ्याच्या मुलीला आणतो म्हणाले. मुलगी सहा वर्षांची. पहारेकरी स्वतःच ओरडला, मार, लवकर मार. तेमीरने मारलं. बोटं मोजून मारायला लावली, दहा. सहाव्याला तो ओकला, तर थांबू दिलं, पाणी दिलं, मग पुढे. रात्री पहारेकरी कोठडीत मेला. कशाने ते सांगत नाहीत.

“हात शाबूत आहे,” मेहलीन म्हणाली. “बघा, शाबूत आहे. तो हात तो अंगाखाली घेऊन झोपतो, त्याला तो बघवत नाही.”

डॉक्टरांनी फोन जवळ ओढला.

“आता लिहा,” ती म्हणाली. “दोघांची नावं लिहा. आता कुणाला लपवता?”

डॉक्टर म्हणाले, “तेमीर अजून आत आहे, मेहलीन.”

“मला ठाऊक आहे तो कुठे आहे. त्यानेच निरोप पाठवलाय. एकट्याचं नाव नको म्हणतो. दोघांचं, नाहीतर कोणाचंच नाही. हात घ्यायचा तर घ्या म्हणतो.”

डॉक्टरांना सभागृहात बोलायला मनाई होती, मसुद्यावर सही करायला नव्हती. शेवटी त्यांनी होकारार्थी मान हलवली. वाचायचं आमादेउंनी, हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, आणि फोन लावायचं काम स्वतः घेतलं.

मी मसुदा उघडला.

ज्याअर्थी पहारेकरी रुस्तान ओमिल, वय एकतीस, याची दहाही बोटे हातोड्याने फोडण्यात आली;

‘फोडण्यात आली’ वगळलं. कोणी फोडायला लावली ते लिहिलं, तुरुंगाधिकाऱ्याच्या नावासकट. मग खाली, त्याचं गुपित कोणी फोडलं याचं, अजून एक ज्याअर्थी घातलं, आणि त्यात पहिलं नाव माझं होतं.