दाजींची बाटली

आमचे दाजी रामदास अमळनेरच्या एका सरकारी कचेरीत शिपाई, पण तोरा मामलेदाराचा. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या, वर्षाच्या साखरपुड्याला ते कुसुमताईला घेऊन सुरतला निघाले. मी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, 'इथं दारूबंदी आहे. पाहुण्यालाही परवाना लागतो. सोबत काही आणू नका.'

दाजींनी ते पत्र चार लोकांत वाचून दाखवलं म्हणे. "सुकलाल पांडेसऱ्यात मिलमध्ये कापड रंगवतो. तो मला कायदा शिकवणार!"

मी सुरतच्या उधना स्टेशनवर घ्यायला गेलो. दाजी रिकाम्या हातांनी ऐटीत उतरले. मागून ताई दोन पिशव्या ओढत होती. फाटकाशी हवालदाराने पिशवी उघडायला लावली. साड्यांच्या घड्यांमधून बाटली निघाली.

"किसका है?"

दाजींनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईकडे बोट केलं. "पिशवी हिची आहे, साहेब. बायकांचं काय सांगावं!"

वीस वर्षं या माणसाची ओकारी ताईने पुसली होती. मला वाटलं, आता रडेल. ती पुढे झाली. "साहेब, आधी माझ्या तोंडाचा वास घ्या. मग यांच्या."

भोवतालची माणसं फिदीफिदी हसली. गाडीतच दाजींनी दोन घोट मारले होते.

"मी सरकारी माणूस आहे!" दाजी ओरडले.

"तो तो वधारे शरम राखवी जोईए," हवालदार शांतपणे गुजरातीत म्हणाला. मग तर जास्तच लाज बाळगायला हवी, असं.

मग दाजींनी माझी बाही धरली. "सुकलाल, सांग ना यांना, मला इथला कायदा ठाऊक नव्हता!"

मी बाही सोडवून घेतली. एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस इतका लवकर लिबलिबीत होतो, हे मला माहीत नव्हतं.

दाजी कोठडीत गेले. साखरपुडा त्यांच्यावाचून झाला, आणि छान झाला. दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटल्यावर ते मला म्हणाले, "कुसुमला सांग, मी तिला माफ केलं."

मी निरोप दिला. ताई एवढंच म्हणाली, "त्यांना गाडीत बसवून ये."

ती परत गेली नाही. साड्यांना फॉल लावायचं काम तिने धरलं. कोर्टाच्या तारखेला दाजी सुरतला येत. एकदा आमच्या दारापर्यंत आले. ताईने तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "तिथंच उभ्याने प्या. मला काम आहे."

ते प्यायले आणि मिशी पुसत निघून गेले.