अनुवादकाचा रकाना

त्या दिवशीही सून भाजीला फोडणी देऊन, गॅस बारीक करून मधल्या खोलीत संगणकापुढे येऊन बसली. समोर भाषांतरासाठी आलेलं हृदयविकाराच्या औषधाचं माहितीपत्रक होतं. एका शब्दापाशी ती सकाळपासून अडली होती. तो चुकला तर रोग्याच्या जिवाशी खेळ.

पुढच्या खोलीत सासऱ्यांचं भाषांतराचं कार्यालय होतं. दारावर पाटी सासऱ्यांची, भाषांतरांखाली सही नवऱ्याची. त्याला ती परकी भाषा धड वाचताही येत नसे. तिच्या आधी हेच काम सासूबाई करीत. तेव्हा सही सासऱ्यांची असे. घरच्या बाईच्या मेहनतीला वेगळं नाव कशाला, अशी या घराची रीत होती. आणि अशी घरं काय थोडी आहेत?

आता औषध कंपनीने नवा नियम काढला होता. प्रत्येक भाषांतर ब्लॉकचेनवर नोंदवायचं. ते कुणी केलं, कुणी कधी बदललं, याची नोंद एकाच वेळी असंख्य संगणकांवर राहणार. एकदा झाली की ती कुणालाही खोडता येणार नाही. त्यासाठी अनुवादकाची डिजिटल सही हवी होती.

"याच्या नावाने कर," मुलाकडे बोट दाखवत सासरे म्हणाले.

"नाही बाबा, आता नाही."

नवरा कसनुसं हसला. "अगं, आजवर चाललंच ना? मी काय परका आहे?"

"आजवर मी गप्प बसले, चुकलं माझं. पण ही नोंद कायमची आहे. त्यात खोटं लिहिलं तर खोटंच कायम राहील. उद्या एखाद्या डॉक्टरने विचारलं, हाच शब्द का घेतला, तर काय सांगाल?"



"घराची अब्रू चव्हाट्यावर आणायला निघालीस?" सासऱ्यांचा आवाज चढला. त्यांनी दारात उभ्या सासूबाईंना फर्मावलं, "समजाव हिला."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "काय समजावू? माझ्या उमेदीच्या दिवसांत मला बोलायचं धाडस झालं नाही. हिला झालंय. मी आड येणार नाही."

सासरे तडक उठून गेले. जाताना कार्यालयाला कुलूप लावलं.

सुनेने मधल्या खोलीतला संगणक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला. अडलेला शब्द तिने पुन्हा तपासला, मनाची खात्री केली, आणि अनुवादकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहून सही केली. मग कंपनीला कळवलं, की नवऱ्याच्या सहीने गेलेली आधीची भाषांतरंही माझीच आहेत. चौकशी करायची तर माझी करा. काम सुटेल, घर दुरावेल, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने लिहिलेलं मागे घेतलं नाही.

त्या घराचं पुढे काय झालं, ते ज्याने त्याने ताडावं. पण आपल्या घरात कुणाच्या कष्टांखाली दुसऱ्याचीच सही आहे, हे शोधायला आपल्याला कुठल्या यंत्राची वाट पाहायची आहे?