माझ्या सावलीपुरती रेंज

मी छत्री बोलते आहे. पावसात हाती धरण्याची नव्हे. चारोटी नाक्यावर लोखंडी दांड्यावर उभी राहून सिमकार्डे खपवणारी, मोबाइल कंपनीची भलीथोरली रंगीत छत्री.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीची छत्री होती. तिने रोज दीड जीबी देऊ केले, की माझ्याखाली सिम विकणारा आमचा तुषार दोन जीबी म्हणून ओरडे. 'फुकट' हा शब्द ऐकला की घाईतला मनुष्यही थबकतो, हे मी तेथेच शिकले.

एके सकाळी सायवनची जयवंती भाजीची पाटी घेऊन आली. तिची लेक योगिता तलासरीला सासरी होती; दिवस भरत आले होते.

"लेकीचं तोंड बघत बोलायचंय, भाऊ. व्हिडिओ लावला की माझा पॅक संपतो."

"मावशी, नंबर तोच, कंपनी आमची. तीन महिने फुकट! आणि रेंज बघा, फुल्ल!"

रेंज खरोखरच पूर्ण होती; टॉवर पलीकडेच होता. सायवनच्या रेंजचे त्याने सांगितले नाही, तिनेही विचारले नाही.

नंबर नव्या कंपनीत गेला आणि जयवंती तणतणत आली. "घरी रेंजची एक काडी दिसत नाही! योगिताला कळा लागल्या तर सांगायला कोण येणार, तुझी छत्री?"

"तीन महिने नंबर परत जात नाही, मावशी. तोवर जुन्या कंपनीचं नवं सिम घ्या."

"पुन्हा रिचार्ज? भाजी विकून करू की पाटी विकून?"

तुषार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तेव्हापासून ती भाजी घेऊन माझ्याच सावलीत बसू लागली. फोन मांडीवर असे. संध्याकाळच्या जीपने परतताना मात्र तिचा पाय निघत नसे.

एका सकाळी ती जीपमधून उतरली आणि फोन वाजतच राहिला. जावई म्हणाला, "आई, रात्रभर फोन लावत होतो. नात झाली. योगिता सारखी तुम्हालाच विचारत होती."

जयवंतीने हसून डोळे पुसले आणि पाटी न उतरवताच तलासरीची गाडी धरली.

पुढे घरोघर सिमे पोहोचली आणि कंपनीने भाव वाढवले. तुषार आता समोरच्या छत्रीखाली, दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून ओरडतो. माझ्यावरील अक्षरे उडाली आहेत. माझ्याखाली जयवंतीची भाजी असते. सिम घेणारा दिसला की ती हटकते, "बाबा, आधी घराजवळ कोणाच्या तरी फोनवर या कंपनीची रेंज बघ, मग फुकटाचं बघ."

माझीही हीच विनंती आहे. माझ्या सावलीत फोन उत्तम वाजतो. पण तुमची वाट पाहणारे माणूस तुम्हाला तुमच्या घरी शोधत असते.