त्या रविवारी मी गळले

मी एक जुनी लाकडी होडी आहे. दोन माणसं ऐसपैस बसतील, तिसरं आलं तर अंग चोरून बसावं लागेल, एवढीच. तळ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी लाकडी ठोकळ्यांवर पालथी पडलेली असते. मित्रांनो, माझं स्वतःचं असं सांगण्यासारखं फार नाही. पण ज्यांनी मला घडवलं त्या आजोबांबद्दल सांगायला हवं, आणि माझ्याकडून जे झालं तेही.

आजोबा सुतार होते. खुर्च्या, दारं, पाळणे, लोक सांगतील ते करायचे. नवी खुर्ची झाली की आधी स्वतः बसून ती गदागदा हलवायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हिच्यावर बसून खुशाल भांडा. भांडण मोडेल, खुर्ची मोडायची नाही." त्यांच्या भुवयांतसुद्धा भुसा असायचा. आजी म्हणायची, "यांना दाराबाहेर झटकल्याशिवाय आत घेता येत नाही."

रविवारी मात्र दुकानाला कुलूप. पहाटेच काठी घेऊन ते टेकड्या, झाडी पालथी घालायचे आणि शेवटी तळ्यावर यायचे. पक्षी न दिसताच आवाजावरून ओळखायचे. वाटेत झाड पडलेलं दिसलं तर खोडावर हात फिरवून, वास घेऊन बघायचे. सोबत त्यांची सहा वर्षांची नात असायची. तिची बडबड कधी थांबत नसे, म्हणून आजोबा तिला टिटवी म्हणत.

एकदा टिटवीने विचारलं, "आजोबा, आपण नेहमी काठावरूनच का बघतो?"

आजोबांनी दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्या फळ्या कापायला घेतल्या.

मला पूर्ण व्हायला आठ महिने लागले. फळ्या वाफेवर मऊ करून आजोबा त्यांना बाक द्यायचे, आणि टिटवी भुशात बसून पॉलिश पेपर घासत राहायची. त्यानंतरची दहा-अकरा वर्षं म्हणजे माझे सुखाचे दिवस. सुरुवातीला टिटवी वल्ही मारायची आणि मी जागच्या जागी गोल फिरायचे. आजोबा मागच्या फळीवरून म्हणायचे, "छान. चारही बाजूंनी तळं बघून झालं. आता पुढे जाऊ या. पाण्याला मारू नकोस, ढकल." हळूहळू तिला जमलं. वारा कुठून येतोय ते पाण्यावरून ओळखायला ती शिकली.

लाकडी होडीची एक खोड असते, मित्रांनो. बरेच दिवस कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि सांध्यांत फटी पडतात. मग तिला दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. हिवाळा संपला की आजोबा हे न चुकता करायचे.

पुढे टिटवी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. आधी वर्षातून चार वेळा यायची, मग दोनदा, मग फक्त फोन. "आजोबा, पुढच्या महिन्यात नक्की." ती नक्की म्हणाली की आजोबा मला पाण्यात भिजवून तयार ठेवायचे. कितीदा तरी मी तयार होऊन तशीच शेडमध्ये परत गेले.

मग आजोबांच्या छातीचं दुखणं सुरू झालं. दुकान बंद राहिलं. हिवाळा गेला, उन्हाळाही निम्मा सरला, आणि मी तशीच वाळत पडले.

अशात एका शनिवारी संध्याकाळी, न कळवता, टिटवी दारात उभी राहिली. रविवारी सकाळी आजोबा टोपी घालून तिच्याआधी तयार.

"आज वल्ही तुझी. मी मागे बसणार, ऐटीत."

दोघांनी मला ठोकळ्यांवरून उतरवलं. आजोबांनी माझ्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि ते क्षणभर थांबले. त्यांना कळलं होतं. पण टिटवीने चपला काढून पाण्यात पाय ठेवलाही होता. ते म्हणाले, "थोडं गळेल. चालेल."

काठापासून फार लांब गेलोच नव्हतो, तोवर पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं. आजोबा डब्याने पाणी उपसू लागले. आधी हसत होते, मग खोकला लागला. टिटवीने घाबरून मला मागे वळवलं.

दोघं ओल्या कपड्यांनी काठावर बसली.

"दोन दिवस भिजली की होईल नीट," आजोबा म्हणाले.

"माझी आज संध्याकाळची गाडी आहे, आजोबा."

"हो, हो. तुझी कामं असतात. असू दे."

टिटवी त्यांच्याकडे बघत थोडा वेळ थांबली. ते एकदा जरी "राहा" म्हणाले असते, तर ती राहिली असती असं मला वाटतं. तिने आपणहून म्हटलं असतं, तर त्यांना किती आनंद झाला असता. आजोबांनी मला पाण्यात बुडवून खुंटाला बांधलं आणि टिटवी संध्याकाळच्या गाडीने गेली.

तिसऱ्या दिवशी माझ्या फटी मिटल्या होत्या, थेंबही आत येत नव्हता. आजोबा काठी टेकत आले. त्यांनी माझ्या तळावरून हात फिरवला आणि मी खुंटाला बांधलेली असतानाच मागच्या फळीवर थोडा वेळ बसून राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस ते गेले.

टिटवी आली. आजीबरोबर तळ्यावर येऊन तिने विचारलं, "अजून गळते का गं ही?"

"छे. तू गेल्यावर तिसऱ्याच दिवशी थांबली. रोज बघून यायचे ना."

"मग मला फोन का नाही केला?"

"मी म्हटलं होतं करा म्हणून. म्हणाले, तिला उगाच टोचणी लागेल."

टिटवी माझ्या काठाला धरून खाली बसली.

एका तासात फुगणं कुठल्याच लाकडाच्या हातात नसतं, हे मला कळतं. तरी तो रविवार माझ्या मनातून जात नाही. टिटवी आता दर उन्हाळ्यात आठवडाभर येते, मला भिजवते, एकटीच वल्हवते. मागे कोणी नसल्यामुळे माझं पुढचं टोक दबतं, म्हणून मागच्या फळीवर ती एक मोठा दगड ठेवते.

मित्रांनो, लाकडाच्या वस्तूंना वरचेवर हात लावत जा, त्या वाळू देऊ नका. आणि तुमचे आजोबा "असू दे" म्हणाले, तर लगेच पिशवी उचलू नका. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना पुन्हा एकदा विचारा.