पाच-सहा वेळा विझणारा पाईप

मी एक पाईप बोलतोय. आयुष्यभर माझं एक टोक पेटलेलं आणि दुसरं कुणाच्या तरी दातांत, मग बोलायला सवड कधी मिळणार? आता मिळाली आहे. गॅलरीतल्या छोट्या टेबलावर, एका टवका उडालेल्या बशीत मी आडवा पडून असतो. थंड आणि रिकामा. खरं सांगू का, दमलोय मी. पण सांगायचं एक राहून गेलंय, ते सांगून मोकळा होतो.

माझा जन्म एका झुडपाच्या मुळाशी झाला. कोरड्या, खडकाळ उतारावर ते झुडूप उभं होतं आणि मी त्याच्या मुळावरची गाठ होतो. पन्नासेक वर्षं जमिनीत निवांत झोपलो होतो. मग कुदळ आली. मला दिवसभर उकळत्या पाण्यात शिजवलं, महिनोन्‌महिने सावलीत वाळवलं, मग करवत, मग कानस. इतकं सगळं सोसल्यावर कारागिराने मला उजेडात धरून फिरवलं आणि "च्च" केलं. तंबाखू भरतात त्या माझ्या वाटीला बाहेरून, डाव्या अंगाला, खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा निघाला. मूळ वाढताना आत वाळूचा कण अडकला होता म्हणे. त्यात माझा काय दोष? पण माझी रवानगी दुय्यम मालात झाली.

असा मी एका तंबाखूच्या दुकानात, सगळ्यांत खालच्या फळीवर येऊन पडलो. दुकान अरुंद, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. भिंतभर काचेच्या बरण्या. मालकाला सगळे नाकवाले म्हणत. नाक तसं बेताचंच होतं, पण बरणीचं झाकण उघडून ते एकदा वास घेत आणि पान कुठल्या वर्षीचं ते सांगत. त्या नाकाचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता.

एक दिवस एक बाई आल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. वरचे चकचकीत पाईप सोडून त्यांनी वाकून मलाच उचललं.

"हा खाली का ठेवलाय?"

"बाई, ह्याला एक खड्डा आहे. जपून वापरला तर जन्मभर काही व्हायचं नाही. पण फार तापवला, तर तिथूनच जळेल. आधीच सांगितलेलं बरं."

"खड्डे माझ्यातही आहेत. घरी चालवून घेतलंय," बाई म्हणाल्या. "हाच द्या."

मला घेतलं ते नवऱ्यासाठी. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी ते मला खिशात घालून नाकवाल्यांकडे आले. तंबाखूतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. नाकवाल्यांनी तीन बरण्या पुढे ओढल्या. तिन्हींत व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचंच पान, पण बहिणी-बहिणींचे स्वभाव वेगळे असावेत तसं. पिवळी उन्हात वाळलेल्या गवतासारखी, गोड आणि चटकन पेटणारी. लाल जरा पोक्त, वास मनुकांचा. आणि काळी म्हणजे वाफेवर शिजवून निवलेली, काकवीच्या अंगाची.

नाकवाल्यांनी चिमूट-चिमूट मिसळून माझी वाटी भरली. चार झुरके झाल्यावर विचारलं, "ही बरी?" मग मला झाडून दुसरं मिश्रण भरलं. "की मघाची?"

चष्मेवाले खो-खो हसले. "अहो, हा प्रश्न मी दिवसातून तीसदा विचारतो. ही काच बरी की मघाची? मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं."

"मग तुम्हाला तर माहीतच आहे. तुमच्या डोळ्यांना काय दिसतं ते मी कसं सांगू? माझी जीभ वेगळी, तुमची वेगळी."

सात शनिवार हे चाललं. नुसती पिवळी त्यांना बोचरी वाटली, नुसती लाल जड. एकदा पानाची दाबून केलेली वडी कापून दिली, तर ती त्यांना पेटवताच येईना. सातव्या शनिवारी ते नुसते डोळे मिटून बसले. नाकवाल्यांनी लगेच एक कार्ड काढलं आणि लिहिलं: 'चष्मेवाले. पिवळी चार, लाल दोन, काळी एक.' कार्ड पत्र्याच्या डब्यात गेलं. बावीस वर्षं त्याला हात लावायची वेळ आली नाही.

आता त्या बावीस वर्षांबद्दल. रोज संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या. एकीत चष्मेवाले आणि मी, दुसरीत बाई आणि मुलांच्या वह्यांचा ढीग. बाई वह्या तपासायच्या आणि बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, तोंडाचा पट्टा चालूच.

"अहो, ऐकलंत का? नदी समुद्राला का मिळते, तर एका मुलीने लिहिलंय, कारण तिला उतारावर थांबता येत नाही. अर्धा मार्क देऊ?"

चष्मेवाले मला तोंडातून काढायचे, विचार करायचे. "पूर्ण दे."

"पूर्ण कसा? तिने पुढे लिहिलंय की समुद्र नदीला परत पाठवत नाही, कारण तिचा पत्ता त्याच्याकडे नसतो."

"मग दीड दे."

एवढं होईपर्यंत मी विझलेला असे. ते माझ्या वाटीत डोकावत आणि वैतागत. "घे! पुन्हा विझला. तुझ्या बडबडीपुढे विस्तव टिकेल तर शपथ."

"विझला तर पेटवा. काडी काय सोन्याची आहे?"

हे एका बैठकीत पाच-सहा वेळा. खोटं कशाला बोलू, मीही बाईंवर चिडायचो. पुन्हा पुन्हा पेटणं काही सुखाचं नसतं. ज्या पाईपांना एका काडीत अखेरपर्यंत नेतात, त्यांचा मला हेवा वाटायचा.

मग बाई गेल्या. आठवडाभराच्या तापाचं निमित्त झालं. त्यांची मुलगी परगावाहून आली, पंधरा दिवस राहिली, वह्या शाळेत परत देऊन आली. ती गेल्यावर चष्मेवाले गॅलरीत येऊन बसले, मला भरलं, पेटवलं, आणि ओढायला लागले.

कुणी काही विचारत नव्हतं. मग तोंडातून मला काढायचं कशाला? एकामागून एक झुरके. समोरच्या खुर्चीकडे बघायचं नाही म्हणून ते माझ्याकडेच बघत बसायचे. तासभर पुरणारी वाटी पंधरा मिनिटांत राख व्हायची. मी इतका तापायचो की त्यांना मला रुमालाने धरावं लागे. एका काडीत अखेरपर्यंत जायची माझी हौस अशी फिटली. नको, नको म्हणत होतो मी, पण पाईपचं कोण ऐकतो?

महिन्याभराने ते नाकवाल्यांकडे गेले. "तुमच्या मालात फरक पडलाय. जीभ पोळते. पहिली गोडी राहिली नाही."

नाकवाल्यांनी बरण्या हुंगल्या. फरक काहीच नव्हता, पण गिऱ्हाईक खोटं कशाला बोलेल? पिवळी चटका देते म्हणून त्यांनी ती चारावरून तीनवर आणली. जमलं नाही. मग दोन. मग लाल वाढवली, काळी दुप्पट केली. पान ओलसर ठेवून पाहिलं, वाळवून पाहिलं. मिरीसारख्या झणझणीत पानाचा चिमूटभर तडका देऊन पाहिला. दर शनिवारी नवं मिश्रण, दर शनिवारी तोच प्रश्न, "ही बरी की मघाची?" आणि दर वेळी तेच उत्तर, "दोन्ही नाहीत."

त्या डझनावारी मिश्रणांनी मी आतून कोळपून गेलो. कुठलं काय होतं ते माझं मलाही आठवेना. एका चवीला सरावावं तर पुढची हजर.

मधे मुलगी आली. बापाची सोललेली जीभ पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, डॉक्टरांनी किती वेळा सांगितलंय. सोडा ना आता."

"सोडीन गं. एकदा ती चव सापडू दे, मग सोडतो."

"चव घेऊन काय करायचंय?"

"तिचा आवाज आठवेनासा झालाय मला," ते म्हणाले. "शब्द आठवतात. आवाज येत नाही. ती चव तोंडात आली की येईल, असं वाटतं."

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या धुराने कुणाचं भलं झालेलं नाही, हे मलाही ठाऊक आहे.

पुढच्या शनिवारी व्हायचं ते झालं. नवं मिश्रण दोन झुरक्यांत बाजूला ठेवून चष्मेवाले म्हणाले, "नाकवाले, राग मानू नका. पण तुमचं नाक गेलंय. दुकान बंद करा आता."

नाकवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एकेका बरणीचं झाकण घट्ट लावलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस आपल्याला हाकलणार. पण त्यांनी पत्र्याचा डबा काढला, तळातलं ते जुनं कार्ड शोधलं आणि पिवळी चार, लाल दोन, काळी एक मोजून स्वतःच्या हाताने मला भरलं.

"बसा त्या स्टुलावर. आज मी काही विचारणार नाही. तुम्ही ओढा, मी नुसता बघतो."

चष्मेवाले ओढू लागले. भसाभस, रोजच्यासारखं. नाकवाले आधी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. वाटी संपली तेव्हा त्यांनी माझ्या अंगाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"एका वाटीत हा किती वेळा विझतो?"

"आता एकदाही नाही," चष्मेवाले जरा तोऱ्यातच म्हणाले.

"आणि आधी?"

"आधी? पाच-सहा वेळा तरी. ती बोलू लागली की विझलाच. तोंडातून काढल्याशिवाय उत्तर कसं..."

ते तिथेच थांबले. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. काच स्वच्छच होती, तरी पुसत राहिले.

"म्हणजे नंबर तोच आहे," ते म्हणाले. "आणि मी वर्षभर काचा बदलतोय."

"व्हर्जिनिया आहे ती. तिला घाई चालत नाही. निवत निवत ओढली तरच गोड लागते," नाकवाले म्हणाले. "बाई तुम्हाला घाई करूच देत नव्हत्या."

"मी तुमच्या नाकाबद्दल बोललो..."

"जाऊ द्या हो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

त्यांनी मला उचलून खिडकीपाशी नेलं. डाव्या अंगाला, त्या खसखशीएवढ्या खड्ड्यापाशी, एक काळा डाग पडला होता. नख लावलं तर भुसा निघाला. "हा आतून जळत आलाय. बाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणखी एक वाटी निघेल, फार तर."

"मग आत्ताच भरा."

मला निवू दिलं, पुसलं, भरलं. चष्मेवाल्यांनी काडी लावली. नाकवाले समोर दुसरं स्टूल ओढून बसले आणि बोलायला लागले. मुळात अबोल माणूस, त्यांना बोलायचं काय ते सुचेना. गुडघादुखीचं सांगितलं. मग बरण्यांवर येऊन झोपणाऱ्या एका मांजरीचं. "ती फक्त लालच्याच बरणीवर का झोपते, सांगा बरं?"

चष्मेवाल्यांनी मला तोंडातून काढलं. विचार केला. काहीतरी उत्तर दिलं. मी विझलो. काडी लागली. पुन्हा विझलो. पुन्हा काडी. ती वाटी सव्वा तास चालली, आणि मी मोजत होतो, सहा वेळा विझलो. माझ्या सबंध आयुष्यात मला विझण्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

सहाव्या वेळी ते माझ्यात डोकावून वैतागले. "घ्या! पुन्हा विझला. तुमच्या बडबडीपुढे विस्तव..." नाकवाले उठून उगाच बरण्या पुसू लागले. "आला," चष्मेवाले हळूच म्हणाले. "आवाज आला."

त्यानंतर मी पेटलो नाही. दुसरा पाईपही त्यांनी घेतला नाही, मुलीला दिलेला शब्द पाळला. शनिवारी मला खिशात घालून ते नाकवाल्यांकडे जातात, रिकामा मला दातांत धरतात, आणि दोघे म्हातारे त्या मांजरीची निंदानालस्ती करतात.

माझ्या भिंतीला आता आरपार भोक पडलंय. जायचे दिवस आले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाच्या बोलण्याने तुमचं काही विझत असेल, तर त्याच्यावर माझ्यासारखे चिडू नका.

हल्ली रविवारी मुलगी येते. काल ती पहिल्यांदाच आईच्या खुर्चीत बसली. ऑफिसातलं कसलंसं भांडण सांगत होती, आणि मधेच थांबून म्हणाली, "बाबा, माझं काही चुकलं का हो?"

त्यांनी मला तोंडातून काढलं. विचार करता करता, सवयीने, माझ्या वाटीत डोकावून पाहिलं. तिने ते पाहिलं आणि हसली.

"विझला वाटतं. काडी देऊ?"

"नको," ते म्हणाले. "तू बोल."