धाकटीचे तीन दिवस

इस्त्रीच्या दुकानात त्याची सकाळची घाई चालली होती. मागच्या खोलीतून बायकोने हाक मारली, "अहो, बाळाला बघा ना जरा. दूध ओढताना धापा टाकतेय."

"सर्दी आहे. होईल बरी," कॉलरवरून नजर न उचलता तो म्हणाला.

"श्वास घेताना छातीत खड्डा पडतोय हो!"

त्याच्या आईने आतूनच निकाल दिला, "मुलीची जात चिवट असते गं. थोरल्याचं उरलेलं औषध दे दोन थेंब."

थोरला मुलगा नुसता शिंकला तरी त्या दुकानाला कुलूप लागत असे. दोन महिन्यांच्या धाकटीसाठी मात्र आधी सासूबाईंना विचारायचं, मग नवऱ्याला, आणि दोघांनी 'होईल बरी' म्हटलं की गप्प बसायचं, असा त्या घराचा रिवाज होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाने दूध तोंडात घेतलंच नाही. सकाळपासून लंगोट कोरडा होता. नाकपुड्या फुलत होत्या, ओठ निळसर पडले होते. बायकोने कुणालाही न विचारता तिला शालीत गुंडाळलं आणि गिऱ्हाइकांसमोरून ती तडक रस्त्यावर उतरली. तो इस्त्री टाकून मागे धावला.

डॉक्टरीणबाईंनी झबलं वर करून मिनिटभर श्वास मोजले. "असं कधीपासून?"

"आज सकाळपासून," तो पटकन म्हणाला.

बायकोची नजर झटकन त्याच्याकडे वळली.

नर्सने बाळाचं नाक साफ करून प्राणवायू लावला. "विषाणूचा संसर्ग आहे. फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजल्यात," बाई म्हणाल्या. "हा आजार तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोर धरतो. पहिल्याच दिवशी ही अवस्था असेल, तर..."

त्याला पुढचं ऐकवेना. "खोटं बोललो, बाई. तीन दिवस झाले. ही सांगत होती. शिवाय थोरल्याचं औषध पाजलंय."

बाईंनी कागदावरचं खोडून नवं लिहिलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दवाखान्यात चार दिवस बाळाला नाकातल्या नळीने दूध गेलं. पाचव्या सकाळी पोर आईच्या अंगावर प्यायली. तेवढ्यात आजी आली. "म्हटलं नव्हतं? मुली चिवट असतात!"

"यापुढे मी कुणाला विचारणार नाही, सासूबाई," सून शांतपणे म्हणाली.

म्हातारीने लेकाकडे पाहिलं. त्याची मान खाली होती.

"ती चिवट नव्हती, आई," तो म्हणाला. "आपण दोघं मिळून तिला मारत होतो."