श्रीपादरावांची आरामखुर्ची

माझा वेत आता जागोजागी तुटला आहे, एक पाय डुगडुगतो आणि डाव्या हातावर सिगारेटने जळल्याचा काळा डाग आहे. मित्रांनो, मी जयपूरची एक जुनी आरामखुर्ची. ज्या माणसासाठी मला घडवले, त्याची गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे.

१९५७ साली चांदपोलजवळच्या एका म्हाताऱ्या सुताराने मला शिसवी लाकडात घडवले. विमा कचेरीतले अधिकारी श्रीपादराव नुकतेच साताऱ्याहून बदलून आले होते. सुताराने त्यांच्या भारदस्त देहाकडे एकदा पाहिले आणि माझी बैठक चार बोटे रुंद केली. आदर्श नगरातल्या त्यांच्या व्हरांड्यात मी आले. घरात पत्नी मधुमतीबाई आणि अकरा वर्षांची जयंती. येणारा-जाणारा माझे कौतुक करी, आणि मला ते फार आवडे.

विम्यासाठी अर्ज करणाऱ्यांचे वैद्यकीय कागद तपासणे हे श्रीपादरावांचे काम. ते कागद ते संध्याकाळी घरी आणत आणि एकामागून एक सिगारेट ओढत माझ्यात बसून वाचत. एकदा जयंतीने मागून वाकून एक अर्ज वाचला. वजन जास्त, रक्तदाब जास्त, रोज वीस सिगारेटी, वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी छातीत दुखून गेले.

"बाबा, मतलब हे तर तुम्हीच," ती म्हणाली.

श्रीपादराव खो खो हसले आणि कागद पालथा घालून जेवायला उठले. इथली दाल-बाटी त्यांना भारी आवडे, आणि बाटी तुपात बुडालेली लागे. त्यांचा स्वतःचा रक्तदाब किती आहे, हे कुणी पाहिलेच नव्हते.

१९६२च्या जानेवारीत एका सकाळी ते बुटांच्या नाड्या बांधायला बसले आणि तसेच थांबले. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या पाठीचा घाम माझ्या वेतातून खाली ठिबकत होता. पित्त झाले असेल म्हणून त्यांनी सोडा मागवला. दोन तास असेच गेले. डावा हात जड झाला तेव्हा कुठे टांगा आणून त्यांना इस्पितळात नेले.

हृदयविकाराचा झटका होता. सहा आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा माझ्यात दोन माणसे मावतील एवढी जागा उरली होती. सिगारेट सुटली होती, तूपही सुटले होते. डॉक्टर माथुरांनी मधुमतीबाईंना सांगितले की तीन महिने जपा, मग रोज थोडे थोडे चालू द्या, पुढे अर्धा दिवस कचेरीतही जाऊ द्या.

मधुमतीबाईंच्या मनात पहिलेच तीन शब्द राहिले. तीन महिने जपा. ते त्यांनी तीन वर्षे केले.

श्रीपादरावांनी पाण्याचा तांब्या उचलायचा नाही. पायऱ्या उतरायच्या नाहीत. गणेशोत्सवात मराठी मंडळींत ते पदे म्हणत, ते बंद झाले. गप्पांनी त्रास होतो म्हणून मित्रांना दारातूनच परत पाठवत. नोकरीही सोडायला लावली. दुपारी त्यांचा डोळा लागला की मधुमतीबाई हळूच येऊन त्यांच्या नाकापुढे बोट धरत. त्यांना जाग असे, पण ते डोळे मिटूनच राहत. मला ते कळे.

एकदा डॉक्टर आले असता श्रीपादराव म्हणाले, "ही माझ्याशी आता भांडतसुद्धा नाही. मी काहीही बोललो तरी हो म्हणते."

मी मात्र तेव्हा सुखात होते. दिवसभर मालक माझ्यात. मला वाटे, मीच त्यांना सांभाळते आहे.

१९६५च्या मे महिन्यात जयंतीचे लग्न पुण्याला ठरले. डॉक्टर म्हणाले, बेताने गेलात तर हरकत नाही. पण प्रवास, उन्हाळा, गडबड, सगळ्यांनाच धास्ती वाटली. कन्यादान मधुमतीबाईंचा भाऊ, राजनमामा, करील असे ठरले. मधुमतीबाईही नवऱ्याला सोडून गेल्या नाहीत. निघताना जयंतीने माझ्यापुढे वाकून त्यांना नमस्कार केला.

मुहूर्त सकाळी दहा वाजून बारा मिनिटांचा. श्रीपादराव कोट घालून, मुठीत अक्षता घेऊन माझ्यात बसले. घड्याळ पाहून त्यांनी त्या समोर टाकल्या. रिकाम्या व्हरांड्यात तांदूळ पसरले. मग माझे दोन्ही हात धरून ते उभे राहिले.

"मी अजून मेलो नाही, मधुमती. हे तुला कधी पटणार?"

"आणि मेलात तर?" मधुमतीबाई तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. "तुम्ही सोडा पीत बसलात त्या दिवशी. मी इथे उभी राहून बघत होते. मला काही कळलं नाही. आता कुणाच्या भरवशावर सोडू तुम्हांला?"

पायरीवर बसून त्या रडू लागल्या. श्रीपादराव सावकाश त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तू चल ना बरोबर."

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघे गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पुढे पोस्टापर्यंत, मग बागेपर्यंत. त्यांची भाजीवरून भांडणे ऐकू येऊ लागली. गणपतीत श्रीपादरावांनी बसल्या बसल्या एक पद म्हटले. दिवाळीत जयंती-जावयांना स्टेशनवर उतरवून घ्यायला ते स्वतः गेले. मी दिवसचे दिवस रिकामी असे.

ते चौदा महिने होते. १९६६च्या जुलैत, आंघोळ करून बाहेर येताना श्रीपादराव पडले. या वेळी टांगा लगेच आला. उपयोग झाला नाही.

तेराव्यानंतर मधुमतीबाई पहिल्यांदाच माझ्यात बसल्या. जयंतीला म्हणाल्या, "चौदा महिने जगले गं ते. मधली तीन वर्षं मी जपण्यात घालवली."

जयंती त्यांना पुण्याला घेऊन गेली. सामानात मला जागा नव्हती. आता मी शेजाऱ्यांच्या मागल्या गळक्या पडवीत, पावसात भिजत असते. त्याचे मला फारसे दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या वडिलांची छाती दुखली तर पित्त म्हणून बसून राहू नका. त्यांच्या सिगारेटीबद्दल त्यांच्याशी आजच बोला, ते हसले तरी बोला. आणि ते आजारातून उठून घरी आले, तर माझ्यासारख्या खुर्चीत बसवून ठेवू नका. संध्याकाळी त्यांच्या चपला पुढे करा आणि त्यांच्या चालीने चाला.